रात्री फुलणाऱ्या वेली बियांपासून : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

अंधार पडताना डोळ्यांदेखत कळी उमलते, एवढ्या एका गोष्टीसाठी लोक या वेलींच्या नादी लागतात. मग बी उगवत नाही. उगवलं तर वेल महिनोन्‌महिने नुसती पानं काढत बसते. आणि प्रश्न सुरू होतात. गेली काही वर्षं हे प्रश्न ऐकतोय, त्यातले निम्मे मीही कधीतरी कुणाला तरी विचारलेले आहेत. फिरून फिरून ते दोनच जागी येऊन थांबतात: बियांचं कवच आणि रात्रीची लांबी. म्हणून ती दोन उत्तरं लांबली आहेत, बाकीची आटोपशीर आहेत.

बियांपासून लावायची तर रात्री फुलणारी वेल कोणती?

पहिलं नाव मूनफ्लॉवरचं. आपल्याकडे तिला गुलचांदणी म्हणतात, शास्त्रीय नाव आयपोमिया अल्बा. मॉर्निंग ग्लोरी आणि रताळं ज्या कुळातले, त्याच कुळातली ही. मूळ घर अमेरिका खंडाचा उष्ण भाग. पांढरंशुभ्र, बशीएवढं म्हणजे दहा-बारा सेंटिमीटर रुंद फूल, मागे लांब बारीक नळी, पाकळ्यांवर फिकट हिरवट पाच पट्ट्यांची चांदणी. एका हंगामात वेल सहज तीन ते पाच मीटर जाते. तिचीच एक धाकटी बहीण आहे, आयपोमिया मुरिकाटा. फूल लहान आणि फिकट जांभळं, पण तेही संध्याकाळीच उमलतं.

दुसरा गट मात्र कुणाच्या लक्षात येत नाही, कारण तो आपण फळासाठी लावतो. दुधी भोपळ्याचं पांढरं फूल संध्याकाळी उमलतं. पडवळाचंही रात्री उमलतं, आणि त्याच्या पाकळ्यांच्या कडेला जी जाळी असते ती एकदा बॅटरीच्या उजेडात जवळून बघाच. क्रोशाची लेस विणता विणता कुणीतरी दोरे सोडून दिलेत असं वाटतं. दोडक्याची पिवळी फुलं दिवस मावळायच्या सुमारास उमलतात, तर त्याच्या सख्ख्या भावाची, घोसाळ्याची, पहाटे. मला विचाराल तर ज्याला पहिल्याच खेपेत यश हवंय त्याने पडवळ लावावं आणि गुलचांदणी शेजारी लावून तिची वाट बघावी.

मग रातराणी, ब्रह्मकमळ, निशिगंध?

यातली वेल एकही नाही. रातराणी हे लांब लवचीक फांद्यांचं झुडूप आहे, निशिगंध कंदापासून येतो. घरोघरी ज्याला ब्रह्मकमळ म्हणतात तो एपिफायलम नावाचा निवडुंग. त्याचं पान मातीत खोचलं की काम झालं, बियांच्या वाटेला कुणी जात नाही. (हिमालयातलं खरं ब्रह्मकमळ वेगळंच, सूर्यफुलाच्या कुळातलं.) गुलबक्षी बियांपासून अगदी सहज येते आणि दुपार कलली की फुलते, पण तीही वेल नव्हे.

मधुमालती बियांपासून लावता येईल का?

येईल, पण कशाला? फुटव्यांपासून आणि फांदीपासून ती इतकी पटकन येते की बी शोधण्यात वेळ घालवू नये. फुलं मात्र बघण्यासारखी. संध्याकाळी उमलतात तेव्हा पांढरी, दुसऱ्या दिवशी गुलाबी आणि मग लाल. पांढरी असताना रात्रीचे पतंग येतात, रंग चढल्यावर दिवसा मधमाश्या आणि फुलपाखरं.

'मूनफ्लॉवर'चं बी लावलं आणि झुडूप उगवलं. फसवणूक झाली?

बहुधा नावाचा घोळ झाला. इंग्रजीत धोत्र्याच्या काही जातींनाही मूनफ्लॉवरच म्हणतात, कारण त्यांचीही मोठी पांढरी फुलं संध्याकाळी उमलतात. पेरण्याआधी बी हातात घेऊन बघा. वेलीचं बी टपोरं असतं, जवळजवळ एक सेंटिमीटर, गुळगुळीत, रंग हस्तिदंती ते गडद तपकिरी. धोत्र्याचं बी चपटं, मूत्रपिंडाच्या आकाराचं आणि त्याच्या निम्म्यानेही लहान. बोंड दिसलं तर प्रश्नच मिटला: धोत्र्याच्या बहुतेक जातींचं काटेरी, वेलीचं गुळगुळीत आणि टोकदार. हा फरक नुसता हौसेचा नाही. धोत्र्याचा प्रत्येक भाग विषारी असतो, त्यात अ‍ॅट्रोपीन आणि स्कोपोलामीन असतं. घरात लहान मूल किंवा पाळीव प्राणी असेल तर आधी खात्री, मग पेरणी.

बी पेरून तीन आठवडे झाले, काहीच उगवलं नाही. बी खराब होतं का?

खराब असेलच असं नाही. त्याला पाणीच मिळालं नसेल.

तुम्ही रोज घातलंत हे मान्य. पण गुलचांदणीच्या बियाचं कवच पाणी आत घेत नाही. ओल्या मातीत ते आठवडेच्या आठवडे कोरडं बसून राहू शकतं, खडा पाण्यात पडून राहावा तसं. निसर्गात हेच त्याच्या फायद्याचं आहे. सगळं बी पहिल्याच पावसाला उगवलं आणि पुढे ऊन तापलं तर वंश संपला. म्हणून काही बिया यंदा, काही पुढच्या वर्षी. ऊन, ओल, माती यांच्या घासाघाशीत कवच हळूहळू कुठेतरी सैल पडतं आणि पाणी शिरतं. आपल्याला एवढा धीर नसतो, म्हणून ते काम आपण नेलकटरने करतो.

बी चिमटीत धरा. एका बाजूला एक लहानशी फिकट खूण दिसेल, बी बोंडात जिथे चिकटलेलं होतं ती जागा. अंकुराचं मूळ त्याच बाजूने बाहेर येतं, तेव्हा तिकडे हात लावायचा नाही. बरोबर विरुद्ध बाजूला, पाठीवर, नेलकटरने कवचाचा टवका काढा. नखाच्या कोपऱ्याएवढा पुरे. खाली दुधाळ पांढरा रंग दिसला की थांबा. हात थरथरत असेल तर पॉलिश पेपरवर घासा. वेळ लागतो पण बी चिमटीतून उडून कपाटाखाली जात नाही. माझी पहिली चार तशीच गेली, त्यातलं एक पुढच्या वर्षी झाडताना सापडलं आणि टवका काढून लावल्यावर उगवलंही.

मग कोमट पाण्यात भिजवा आणि सकाळी बघा. पाणी शिरलेलं बी जवळजवळ दुप्पट फुगतं, कवच सुरकुततं किंवा तडकतं. जे होतं तेवढंच, टणक राहिलं असेल त्याच्यात पाणी गेलेलंच नाही; ते पुन्हा घासा आणि पुन्हा भिजवा. फुगलेलं तेवढंच पेरा. हा एक नियम पाळला तरी 'बी उगवत नाही' ही तक्रार बरीचशी संपते.

रात्रभर भिजवायचं की दोन दिवस? उकळतं पाणी चालेल?

बारा तास बहुतेकदा पुरतात, चोवीसच्या पुढे जाऊ नका. फुगलेलं बी पाण्यात बुडून राहिलं की त्याला हवा मिळत नाही, ते सडतं, पाण्याला वास येतो. उकळतं पाणी नको. कवच काढून झाल्यावर तर मुळीच नको, आतला अंकुर शिजेल.

दुधी आणि पडवळाच्या बियांनाही टवका काढायचा?

गरज नाही. रात्रभर भिजवलं तरी भागतं. पडवळाचं कवच खडबडीत आणि जाड असतं, त्यामुळे ते थोडं जास्त दिवस घेतं, इतकंच.

पेरायचं कधी आणि किती खोल?

माती ऊबदार झाल्यावर. २१ ते २७ अंश सेल्सिअसला गुलचांदणीचं टवका काढलेलं बी साधारण आठवड्यात, फार तर दहा दिवसांत वर येतं. गारठलेल्या मातीत ते कुजतं. खोली दीड-दोन सेंटिमीटर, म्हणजे बोटाचं पहिलं पेरही पूर्ण नाही. जिथे हिवाळा कडक असतो तिथे शेवटच्या हिमतुषारांच्या तारखेआधी चार-सहा आठवडे घरात पेरतात आणि रात्रीचं तापमान दहा अंशांच्या खाली जायचं थांबलं की बाहेर हलवतात. उष्ण प्रदेशात ही कसरत नाही. तिथे थेट कायमच्या जागीच पेरावं, कारण या वेलींना मुळं हललेली आवडत नाहीत. लहान कुंडीत करायचंच असेल तर कागदाचा किंवा काथ्याचा कप वापरा आणि कपासकट जमिनीत ठेवा.

रोप उगवलं पण पानं भलतीच आहेत. हे तण तर नाही?

नाही, तेच आहे. गुलचांदणीची पहिली दोन पानं म्हणजे बीजदलं. ती टोकाकडून खोल चिरलेली असतात, सशाचे कान दोन्हीकडे पसरावेत तशी. खरी पानं नंतर येतात, हृदयाच्या आकाराची. नव्या लोकांनी ही बीजदलं तण समजून उपटल्याचं ऐकलंय, त्यामुळे पेरलं तिथे काडी खोचून ठेवलेली बरी.

बीजदलांवर बियाचं कवच टोपीसारखं अडकलंय. काढू?

ओढू नका. मी ओढलं होतं. टोपीबरोबर शेंडाही आला आणि मागे नुसता देठ उभा राहिला. पाण्यात भिजवलेला कापसाचा बोळा टोपीवर तासभर ठेवा, मग बोटाने अलगद फिरवून बघा. सुटली तर ठीक, नाहीतर पुन्हा ओला बोळा. मुळात बी पुरेसं खोल पेरलं की कवच मातीतच घासून निघतं. वरवर पेरलेल्यांच्याच टोप्या राहतात.

रोपं चांगली होती, एका रात्रीत मातीलगत वाकून पडली.

कोलमड. मातीतल्या बुरशीचं काम आहे, आणि तिला जास्त पाणी, कोंदट हवा आणि दाट पेरणी लागते. पडलेलं रोप वाचत नाही. उरलेल्यांचं पाणी कमी करा, वारा खेळू द्या, वरची माती कोरडी दिसू द्या. पुढच्या वेळी नवी माती घ्या आणि त्यात वाळू किंवा कोकोपीट मिसळा.

कुंडीत होते का?

होते, पण कुंडी कंजूषपणाने निवडू नका. एका वेलीला निदान ३० सेंटिमीटर खोल आणि तितकीच रुंद. एवढ्या मोठ्या पानांची वेल उन्हात पाणी फार ओढते. लहान कुंडीतली वेल दुपारी मान टाकते आणि मग कळ्या गाळते. दिवसाचं सहा तास ऊन हवंच. 'रात्री फुलते म्हणजे सावलीत चालेल' हा गैरसमज आहे. फुलते रात्री, पण त्या फुलाचं सगळं भांडवल ती दिवसाच जमवते.

भिंतीवर चढत नाही, सारखी खाली पडते.

ती चिकटणारी वेल नाही. तिला ना चिकट मुळं, ना धागे. शेंडाच कशाभोवती तरी फिरून वर जातो. म्हणून तिला बारीक आधार द्या: सुतळी, तार, बोटाएवढी काठी. जाड खांबाभोवती शेंड्याला वेढा घालता येत नाही, तिथे खांबाला जाळी बांधा. हाताने गुंडाळायची वेळ आली तर दिशा बघा. समोरून पाहिलं की तिचा शेंडा खाली डावीकडून वर उजवीकडे जातो. उलट गुंडाळलात तर सकाळपर्यंत ती स्वतःला सोडवून घेते, तेही तुमच्यावर रुसल्यासारखी. दुधी-पडवळाचं वेगळं आहे. त्यांना धागे असतात, ते मांडवाच्या काड्यांना स्प्रिंगसारखे वेढे घालतात.

शेंडा खुडावा का?

पाच-सहा खरी पानं आली की एकदा खुडा. बाजूने फुटवे येतात, वेल भरगच्च होते आणि फुलं डोळ्यांच्या उंचीवरही मिळतात. नाहीतर सगळा सोहळा तिसऱ्या मजल्यावरच्यांना.

खत कोणतं?

लावताना मुरलेलं शेणखत किंवा गांडूळखत. नंतर बेताने. युरिया आणि नत्राची खतं हातात घेऊ नका, का ते पुढच्या उत्तरात.

वेल प्रचंड वाढली, पण एक कळी नाही. चार महिने झाले!

सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न हाच, आणि विचारणारा माणूस तोपर्यंत तीन प्रकारची खतं घालून मोकळा झालेला असतो.

पहिली शक्यता नत्राची. नत्र भरपूर मिळालं की वेल पानं करते, खत थांबवा. पण बहुतेक वेळा खरं कारण दुसरंच असतं. वेल लांब रात्रीची वाट बघत असते.

झाडांच्या फुलण्याचा दिवसाच्या लांबीशी संबंध आहे हे गार्नर आणि अ‍ॅलार्ड या दोन अमेरिकन शास्त्रज्ञांनी १९२० साली मांडलं. त्यांच्याकडे तंबाखूची एक जात होती. उन्हाळाभर शेतात ती उंचच उंच व्हायची, फुलायचं नाव नाही. आणि तीच हिवाळ्यात काचघरात ठेंगणी असतानाच फुलायची. त्यांनी झाडं रोज काही तास अंधाऱ्या खोपीत ढकलून दिवस 'लहान' केला, आणि उन्हाळ्यातच फुलं आली. पुढे १९३८ साली हॅमनर आणि बॉनर यांनी शंकेश्वराच्या झाडांवर प्रयोग केले तेव्हा आणखी एक गोष्ट कळली: झाड दिवस मोजत नाही, रात्र मोजते. लांब रात्रीच्या मध्ये थोडा वेळ दिवा लावला तरी मोजणी फिसकटते आणि फूल येत नाही. गंमत म्हणजे या विषयातलं नंतरचं बरंचसं काम आपल्या वेलीच्या सख्ख्या नातलगावर झालं. जपानी मॉर्निंग ग्लोरीची 'व्हायोलेट' ही जात सोळा तासांची एकच अंधारी रात्र मिळाली तरी कळ्या धरते, तीही रोप नुसत्या बीजदलांवर असताना.

गुलचांदणी इतकी उतावळी नाही, पण स्वभाव तोच. म्हणून लांब उन्हाळी दिवसांच्या प्रदेशात ती उन्हाळा सरतासरता फुलायला लागते, आणि तोवर दमलेला माणूस तिला उपटायच्या बेतात असतो. लवकर पेरल्याने फुलं लवकर येतीलच असं नाही. येते ती मोठी वेल, जी रात्री लांबल्या की एकदम फुलांनी भरते. तेव्हा लवकर पेरण्यात तोटा नाही, फक्त अपेक्षा वेगळी ठेवा.

आमच्याकडे सगळ्यांकडे फुलली, माझ्याच वेलीला कळ्या नाहीत.

रात्री वेलीजवळ जाऊन उभे राहा आणि वर बघा. दिवा आहे? रस्त्यावरचा, जिन्यातला, गॅलरीत रात्रभर जळणारा? तुमच्या डोळ्यांना तो मंद वाटेल, वेलीसाठी रात्र संपलेली असते. माझ्या एका वेलीचा अर्धा भाग खांबावरच्या दिव्याच्या बाजूला होता, अर्धा पाण्याच्या टाकीच्या सावलीत. कळ्या आल्या त्या टाकीकडच्या बाजूला. तेव्हापासून नवी वेल लावताना जागा दिवसा एकदा आणि रात्री एकदा बघतो.

आज कोणती कळी उमलणार हे कसं ओळखायचं?

दुपारी चार-पाचला वेलीपाशी जा. उद्याच्या-परवाच्या कळ्या हिरवट, घट्ट पीळ घातलेल्या असतात, मिटलेल्या छत्रीसारख्या. आजची कळी त्यांच्यापेक्षा पुढे आलेली, पांढरी पडलेली आणि जराशी फुगलेली दिसते. पीळ सैल व्हायला लागलेला असतो. सूर्य मावळला की खुर्ची घेऊन बसा. आधी बराच वेळ काही होत नाही. मग कळीचं टोक थरथरतं. वारा नसतो, शेजारचं पान स्थिर असतं, पण कळी थरथरते. एक घडी सुटते, थांबते, पुन्हा थरथरते आणि मग सगळा पीळ एकदम उलगडून मिनिटभरात, फार तर दोन मिनिटांत, फूल सपाट पसरतं. याच क्षणी फोन वाजतो असा माझा अनुभव आहे.

कळी खुडून पाण्यात ठेवली तरी घरात उमलते. रात्री खाटेवर पडलेल्या आजारी माणसाला दाखवायला हा उत्तम उपाय.

फूल किती वेळ राहतं?

एक रात्र. सकाळचं ऊन लागलं की ओल्या टिश्यू पेपरसारखं लोंबतं. आभाळ असेल तर सकाळी जरा उशिरापर्यंत टिकतं. वेल भरात आली की रोज नव्या कळ्या असतात, त्यामुळे हळहळायचं कारण नाही.

पांढरंच का? आणि वास रात्रीच का?

गिऱ्हाईक रात्रीचं आहे म्हणून. या फुलांवर हॉकमॉथ जातीचे मोठे पतंग येतात. ते फुलावर बसत नाहीत. समोर हवेतच तरंगत, शरीराहूनही लांब असू शकणारी सोंड नळीत घालतात आणि तळाचा मकरंद ओढतात. अंधारात लाल-निळं काय दिसणार? पांढरं दिसतं, आणि दुरून वास येतो. वास उमलल्यानंतरच्या पहिल्या काही तासांत जास्त असतो. दारं-खिडक्या वाऱ्याच्या उलट बाजूला असतील तर तुम्हाला येणार नाही. तो दोष वेलीचा नाही.

पानं कुरतडली आहेत. औषध मारू?

आधी कोण आहे ते बघा. बोटाएवढी जाड, शेपटीवर शिंग असलेली अळी असेल तर ती बहुधा त्याच हॉकमॉथची. याच कुळातल्या वेलींवर तो अंडी घालतो. म्हणजे रात्री ज्याचं कौतुक करायचं, दिवसा त्याच्याच पोरांवर विष फवारायचं. मोठ्या वेलीला दोन-चार अळ्या जड नसतात. रोप लहान असेल तर उचलून दुसऱ्या रानवेलीवर सोडा. पानं फिकट ठिपक्यांची आणि खालून बारीक जाळी असेल तर लाल कोळी. कोरड्या, तापलेल्या जागी तो हमखास येतो. पानांच्या खालच्या बाजूने पाण्याचा जोरदार फवारा, दोन-तीन दिवसांआड. मावा आणि पांढऱ्या माशीला साबणाचं पाणी पुरतं, फक्त ते संध्याकाळी उमललेल्या फुलांवर मारू नका.

पानं पिवळी पडतायत.

खालची पडत असतील तर वय. सगळीच पडत असतील आणि रात्री गार असतील तर गारठा; दहा अंशांच्या आसपास ही वेल नाराज होते. तेही नसेल तर कुंडीचं भोक बुजलंय का बघा.

दुधीला फुलं भरपूर, फळं पिवळी पडून गळतात.

पराग पोचत नाही. उंच मजल्यांवर पतंग कमी येतात. हे काम संध्याकाळी तुम्हीच करा. लांब बारीक देठाचं ते नरफूल. मादीफुलाच्या मागे लव असलेला इवलासा दुधी आधीच असतो. दोन्ही त्याच संध्याकाळी उमललेली हवीत. नरफूल तोडा, पाकळ्या मागे काढा, मधला परागाचा भाग मादीफुलाच्या मधल्या चिकट भागावर हळूच फिरवा. एक नर दोन-तीन मादीफुलांना पुरतो. सकाळी दहाला करून उपयोग नाही, तेव्हा दुकान बंद झालेलं असतं.

गुलचांदणीचं बी घरी धरता येईल?

हो, आणि एका वेलीवरही धरतं. फूल गळल्यावर मागचा देठ जाडसर होतो आणि टोकदार बोंड तयार होतं. हिरवं असताना तोडायचा मोह होतो, तोडू नका. आतलं बी तेव्हा पांढरं आणि मऊ असतं, वाळून चिपाड होतं. बोंड आणि देठ दोन्ही तपकिरी, कागदासारखे कोरडे झाले की तोडा. एका बोंडात चारपर्यंत बिया निघतात. आठवडाभर सावलीत पसरून वाळवा आणि कागदाच्या पुडीत, गार कोरड्या जागी ठेवा. तेच कडक कवच आता उपयोगी पडतं. बी काही वर्षं टिकतं. पुडीवर नाव आणि वर्ष लिहा. 'लक्षात राहील' म्हणणाऱ्यांच्या घरी निनावी पुड्यांचा डबा असतो. माझ्याकडे आहे.

वेल दुसऱ्या वर्षी राहते का?

थंडी कडाक्याची नसेल तर राहते, ती मुळात बहुवर्षायू आहे. हिम पडतं तिथे एका हंगामात संपते. जिथे टिकते तिथे फुलं संपल्यावर अर्ध्यावर छाटा, नाहीतर खाली नुसत्या काड्या उरतात.

विषारी आहे का?

बिया खाण्याच्या नाहीत, त्यांत अल्कलॉइड असतात. मुलांपासून लांब ठेवा. छाटताना खोडातून दुधासारखा चीक येतो, हात धुवा. खोडावरचे मऊ काटे टोचत नाहीत, पण घाबरवतात.

या चिकावरून एक गोष्ट सांगायलाच हवी. मेक्सिको आणि आसपासच्या प्राचीन लोकांनी एका झाडाच्या चिकात याच वेलीचा रस मिसळून रबर बनवलं. इ.स.पू. १६०० च्या सुमाराचे त्यांचे रबरी चेंडू उत्खननात सापडले आहेत. नुसता चीक वाळला की ठिसूळ होतो. वेलीच्या रसाने तो उसळणारा होतो. म्हणजे रबर टिकाऊ करणारी गंधकाची प्रक्रिया शोधली जाण्याआधी तीन हजारांहून जास्त वर्षं ही वेल कारखान्यात कामाला होती.

ती हाताबाहेर पसरते का?

उष्ण, दमट हवेत पसरू शकते. ऑस्ट्रेलियाच्या पूर्व किनाऱ्यावर आणि पॅसिफिकमधल्या काही बेटांवर ती तण मानली जाते, झाडांवर पांघरूण घालते. जंगलाच्या किंवा ओढ्याच्या कडेला लावू नका, आणि बी नको असेल तर बोंडं हिरवी असतानाच काढून टाका.

ड्रॅगन फ्रूट बियांपासून लावलं तर रात्रीची फुलं मिळतील?

मिळतील. तो चढणारा निवडुंग आहे आणि त्याचं पांढरं फूल गुलचांदणीपेक्षा कितीतरी मोठं, तेही एकाच रात्रीचं. फळातल्या काळ्या बिया धुऊन ओल्या वाळूवर पसरल्या की दोनेक आठवड्यांत हिरवी टाचणीची टोकं दिसतात. कवच-बिवच खरवडायची भानगड नाही. फुलं मात्र काही वर्षांनी. घाई असेल तर खोडाचा तुकडा लावा.

पहिल्यांदा करतोय. किती बिया पेरू?

सहा. फुगतील चार, उगवतील तीन-चार, एखादं गोगलगायीच्या वाट्याला जाईल. दोन वेली राहिल्या तरी एका खिडकीला भरपूर झाल्या.